सैनिकाचे देणे

'मागणे' हा शब्द आपल्या तोंडी दोन ठिकाणी येतो. नोव्हेनाच्या वेळी आपण पवित्र मरियेपाशी मागणे मागतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. हाच शब्द घेऊन कचेरीच्या खिडकीपाशी उभे राहिले की मात्र मान खाली जाते. मागणारा म्हणजे हात पसरणारा, आणि हात पसरणारा म्हणजे लाचार, कदाचित लबाडही. जे आपलेच आहे ते मागतानाही हा ओशाळेपणा का यावा, आणि ख्रिस्ती माणसाने तो कितपत मानावा, हा प्रश्न गेली तीन वर्षे एका वृद्ध माजी सैनिकाच्या रूपाने आमच्यापुढे उभा आहे. त्याचा थोडा विचार येथे करावा असे योजिले आहे.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या उत्तर भागातील एका धर्मग्रामात हे गृहस्थ राहतात. आपल्या खेड्यांत पलटणीतून आलेल्या प्रत्येकाला, मग तो शिपाई असो की सुभेदार, 'मेजर' म्हणण्याची रीत आहे. यांनाही सारे 'मेजर'च म्हणतात. वास्तविक ते तोफखान्यात साधे गनर होते. १९६७ साली भरती झाले, १९७१ च्या युद्धात पश्चिम आघाडीवर पंचवीस पौंडी तोफेवर होते, आणि १९७६ साली दोन्ही कानांची शक्ती क्षीण झाल्यामुळे वैद्यकीय मंडळाने त्यांना सेवेस अयोग्य ठरवून घरी पाठविले. नोकरी भरली नऊ वर्षे. शिपायाला सेवेचे निवृत्तिवेतन मिळण्यास पंधरा वर्षे लागतात, आणि अपंगत्वाचे मिळावे तर अपंगत्व निदान २० टक्के भरावे लागते. मेजरांचे भरले १५. उपदानाची थोडी रक्कम हाती घेऊन ते गावी आले व पुढली तीस वर्षे साखर कारखान्यावर रात्रपाळीचे पहारेकरी म्हणून राहिले. ऐकू न येणारा पहारेकरी! पण ते रात्रभर डोळा न मिटता बॅटरी घेऊन फिरत, म्हणून कारखान्याने त्यांना ठेवून घेतले.

बहिरेपण डोळ्यांना दिसत नाही, हे त्याचे एक वेगळे दुःख आहे. पाय गमावलेल्या जवानाला एस. टी. त कोणी तरी उठून जागा देतो. बहिऱ्याच्या वाट्याला चेष्टा येते, नाही तर राग. वाटेत कोणी 'जय ख्रिस्त' म्हणाले आणि मेजरांनी उत्तर दिले नाही, तर पुष्कळ वर्षे लोक त्यांना गर्विष्ठ समजत. मिस्सेला ते पहिल्या बाकावर बसतात, प्रवचनातले एक अक्षर कानी पडत नाही, शेजारचे उभे राहिले की तेही उभे राहतात. प्रायश्चित्त संस्कारासाठी फादर त्यांना सॅक्रिस्टीत नेऊन दार लावून घेतात, कारण मेजर आपली पापे मोठ्याने सांगतात आणि फादरांनाही उपदेश ओरडूनच करावा लागतो. गाव यावर हसते. मेजरही हसतात. पन्नास वर्षे सोसलेल्या गोष्टीवर हसता येते, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तीन वर्षांपूर्वी धर्मग्रामातील काही शिकल्या तरुणांच्या ध्यानात आले की, मेजरांचा हक्क बुडाला आहे आणि तो अजूनही मागता येईल. त्यांनी अर्ज लिहून आणला. मेजरांनी सहीस नकार दिला. "देशाला दिलं ते दिलं," ते म्हणाले, "आता काय त्याचं बिल धाडायचं?" कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या पत्नीने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारले, "तुम्ही दिलं, खरंय. पर मला कुनी इचारलं व्हतं का?"

आमच्या मते या दोन वाक्यांत सारा नैतिक प्रश्न आलेला आहे.

मेजरांच्या बाजूने शास्त्रवचनही आहे, आणि ते त्यांना ठाऊक आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानापाशी येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. योहान त्यांना शिपाईगिरी सोडायला सांगत नाही. कोणाला धाकदपटशा करून लुबाडू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, अशा आशयाचा उपदेश करतो. हे शेवटचे कलम मेजरांनी आयुष्यभर जपले. परंतु तिन्ही कलमे एकत्र वाचली म्हणजे दिसते की, योहानाचा रोख दुसऱ्याचे ओरबाडून घेण्यावर आहे. पगारात समाधान मानायचे तर आधी पगार पुरता हाती पडलेला असावा लागतो. जे दिलेच गेले नाही त्यात समाधान मानण्याचा उपदेश योहानाने केलेला आम्हांस तरी आढळत नाही.

याच्या शेजारी संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय ठेवून पाहावा. स्वतःच्या पदरचे खर्चून शिपाईगिरी करणारा कोणी असतो काय, असा प्रश्न पौल तेथे करतो. द्राक्षमळा लावणाऱ्याने फळ खावे, कळप पाळणाऱ्याने दूध प्यावे, तसा सेवा करणाऱ्याचा आपल्या निर्वाहावर हक्क आहे, हे तो वकिलाच्या चिकाटीने सिद्ध करतो. आणि एवढे करून झाल्यावर तो सांगतो की, हा हक्क मी वापरलेला नाही. आमचे लक्ष या क्रमाकडे आहे. आधी हक्काची सिद्धता, मग त्याचा त्याग. हक्क मान्य झाल्यावर तो सोडणारा मनुष्य काही तरी देत असतो. ज्याचा हक्कच अमान्य झाला आहे तो गप्प बसला तर त्याने काय दिले? त्याचे नुकसान झाले, इतकेच. मेजरांना आपल्या रकमेचे दान देवळाला करायचे असेल तर त्यांनी खुशाल करावे; पण दान करायला ती आधी त्यांची ठरली पाहिजे. हाच पौल फिलिप्पैच्या तुरुंगातून गुपचूप सुटून जायला तयार नव्हता. रोमी नागरिकांना चौकशीवाचून फटके मारलेत, तर आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. त्याच्या नम्रतेला त्यामुळे बाध आल्याचे कोणी म्हटलेले नाही.

शिवाय मेजरांचे कान कोणाच्या खर्चाने गेले? तोफ सरकारची, गोळा सरकारचा, हुकूम सरकारचा. कान तेवढे पदरचे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर जो आदेश काढला, त्याच्या आठव्या परिच्छेदात या विषयाचे मर्म आहे. न्यायाने जे देणे लागते ते आधी चुकते करावे, ते दानाच्या वेष्टनात गुंडाळून देऊ नये, असा त्याचा भाव आहे. आपल्या धर्मग्रामांत याचा विसर पडतो असे आमचे निरीक्षण आहे. मेजरांना नाताळात ब्लँकेट मिळते आणि ईस्टरला धान्याचे पाकीट मिळते. देणाऱ्यांची अंतःकरणे चांगली आहेत. परंतु ज्याचे देणे बुडाले आहे त्याला ब्लँकेट देऊन निरोप दिला की देणाऱ्याचे समाधान होते आणि देणे तसेच राहते.

आता कायद्याकडे वळू. तो रुक्ष आहे, पण त्यात नीतीचे मोठे धागे गुंतलेले आहेत.

सैनिकाचे अपंगत्व सैनिकी सेवेमुळे उद्भवलेले किंवा सेवेमुळे बळावलेले असले पाहिजे, ही पहिली अट; ते २० टक्के वा अधिक असले पाहिजे, ही दुसरी. दोन्हींचा निर्णय सेवामुक्तीच्या वेळचे वैद्यकीय मंडळ करते. विकार उपजत आहे, प्रकृतिगत आहे, सेवेशी त्याचा संबंध नाही, एवढी एक ओळ लिहून असंख्य दावे फेटाळले गेले आहेत. धरमवीर सिंग नावाचे जवान जून १९८५ मध्ये सिग्नल दलात भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांनी, मार्च १९९४ मध्ये, अपस्माराच्या विकारामुळे २० टक्के अपंगत्व ठरवून त्यांना घरी पाठविण्यात आले. विकार प्रकृतिगत ठरवून निवृत्तिवेतन नाकारले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी तपासून निरोगी म्हणून घेतलेल्या माणसाच्या कागदांवर रोगाची नोंद नसेल, तर तो निरोगी होता असेच धरले पाहिजे. नंतर बिघाड झाला तर तो सेवेमुळे झाला असे गृहीत धरावे. तसे नाही असे म्हणणाऱ्या मंडळाने कारणे द्यावीत. पुराव्याचा भार सैनिकावर नाही, आणि रास्त संशयाचा फायदा त्यालाच मिळाला पाहिजे. यात न्यायालयाने पदरचे फारसे घातले नव्हते. १९८२ च्या सरकारी नियमांतच हे लिहिलेले होते. सरकारचे शब्द सरकारला वाचून दाखविण्यासाठी एका आजारी माणसाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

संशयाचा फायदा सैनिकाला का द्यावा? दयेपोटी, असे पुष्कळांना वाटते. आमच्या मते ही दया मुळीच नव्हे. भरतीच्या वेळी तपासणी सरकारच्या डॉक्टरने केली. आजाराच्या नोंदी सरकारच्या इस्पितळात झाल्या. कागद सरकारच्या कपाटात राहिले. सैनिकाला आपला अधिकारी, आपले ठाणे, आपली झोप, यांतले काहीच निवडता आले नाही. ज्याच्या हाती सारा पुरावा आहे त्याने रिकाम्या हातांच्या माणसाला 'सिद्ध कर' म्हणणे हा अन्याय आहे.

आणि कागदांची गत काय होते तेही सांगतो. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही अशा सैनिकांची सेवेची कागदपत्रे २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्करी नियम आहे. कपाटांना मर्यादा असते हे आम्हांस समजते. पण परिणाम पाहावा: ज्याला मिळाले त्याचे कागद जपले जातात, आणि ज्याला चुकून मिळाले नाही त्याचे, म्हणजे ज्याला पुढे त्यांची गरज पडणार त्याचेच, जाळले जातात. मेजरांच्या पहिल्या अर्जाला नेमके हेच उत्तर आले. वाचले ते पत्र्याच्या ट्रंकेतील डिस्चार्जचे पुस्तक. त्यात वैद्यकीय कारणाने सेवामुक्त केल्याची नोंद आहे, आणि त्या एका ओळीवर आता सारी भिस्त आहे.

ती ओळ उपयोगी पडेल अशी आशा बाळगायला जागा आहे. २०१४ साली सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, सैनिकाला अपंगत्वामुळे सेवेतून काढले असेल तर ते अपंगत्व २० टक्क्यांहून अधिकच होते असे मानावे लागेल. साधा तर्क आहे. ठेवून घेण्याच्या दृष्टीने दुखणे फार मोठे आणि भरपाई देण्याच्या दृष्टीने फार लहान, अशी दोन मापे एकाच कानाला कशी लावणार? १ जानेवारी १९९६ पासून असे सेवामुक्त झालेल्यांच्या बाबतीत ५० टक्क्यांहून कमी अपंगत्व ५० टक्के धरण्याची तरतूद झाली. म्हणजे २० ला ५० चे मोल आणि १५ ला शून्याचे. १५ आणि २० यांतला फरक १९७६ सालच्या कोणत्या यंत्राने मोजला असेल, देव जाणे.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण सैनिक म्हणजे संत नव्हेत. आजार वाढवून सांगणारे, निवृत्तीच्या तोंडावर एकाएकी रक्तदाब आठवणारे असतात. २०२३ साली संसदेपुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात, अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरेच जास्त असल्याचे नमूद आहे. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला सरकारने नवे, अधिक काटेकोर नियम लागू केले. खोटा दावा हे सातव्या आज्ञेविरुद्धचे पाप आहे, आणि आठव्याही. त्यात सौम्य करण्यासारखे काही नाही. मात्र या अहवालातून आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. ज्याला अर्ज लिहिता येतो, नियम कळतो, डॉक्टरशी बरोबरीने बोलता येते, त्याला मिळते. खंदकात तोफेला गोळा भरणाऱ्याला यांतले काही येत नाही. लबाडी रोखण्यासाठी घातलेले कुंपण लबाड ओलांडून जातो आणि लाजाळू माणूस अलीकडेच राहतो.

सरकारनेही या बाबतीत स्वतःशी पुष्कळ झगडा केलेला आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणाबरोबर, अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने केलेली शेकडो अपिले सर्वोच्च न्यायालयाने एकदम निकालात काढली. पुढल्या वर्षी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी खटले कमी करण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. आपल्याच जखमी माणसांशी आपण का भांडतो आहोत, हा प्रश्न एका मंत्र्याला पडला, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो. आणि याच महाराष्ट्रात लष्कराने जखमींसाठी केलेले कामही डोळ्यांसमोर आहे. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. तेथे जाऊन आलेल्याला सेना आपल्या माणसांना विसरते असे म्हणवणार नाही. विसर पडतो तो पुढे, माणूस गणवेश उतरवून फाइल झाला म्हणजे.

उशीर हा आणखी एक काटा. तरसेम सिंग यांना १९८३ साली सैन्यातून काढण्यात आले. ते १९९९ साली न्यायालयात गेले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला, पण अशा उशिरा केलेल्या दाव्यांत थकबाकी साधारणपणे दावा दाखल करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच द्यावी असे तत्त्व सांगितले. उशिरा जाग आलेल्याने सगळी थकबाकी मागू नये, यात व्यवहार आहे. पण मेजरांना जागे करायला कोण गेले होते? ज्याला वीस हात अंतरावरची हाक ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत सरकारी राजपत्र कसे पोहोचावे?

लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील विधवेचा दाखला आपण प्रवचनांत नेहमी ऐकतो. सतत प्रार्थना करावी, असा त्याचा बोध लूकनेच प्रारंभी दिला आहे. तथापि ती बाई आधी एक दावेदार आहे, हे विसरून चालणार नाही. तिला न्याय हवा आहे, भाकरी नव्हे. आणि न्यायाधीश तिला न्याय देतो तो कंटाळून. त्याला ना देवाचे भय, ना माणसाची भीड. हा दाखला सांगताना प्रभूने व्यवस्थेविषयी गोड भ्रम ठेवलेला नाही. खेटे घालावे लागतील, हे त्याने गृहीत धरले आहे. ती म्हातारी कोणत्या पायांनी रोज कोर्टात गेली असेल, तिच्याबरोबर कोणी होते का, हे मात्र लूकने लिहिले नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात ते आहे. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेला तो आजारी मनुष्य. बरा होण्याची इच्छा आहे का असे प्रभू विचारतो, तेव्हा तो हो म्हणत नाही. पाणी हलते त्या वेळी मला तळ्यात सोडायला माझे कोणी नाही, अशी तक्रार सांगतो. आजवर आम्ही या उत्तराकडे त्या माणसाचा निरुत्साह म्हणून पाहणारी प्रवचने ऐकली आहेत. मेजरांच्या अर्जामागे धावलेल्या तरुणांना विचारा, ते वेगळे सांगतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, अपिलाच्या दोन पायऱ्या आहेत, २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. निवृत्तिवेतनाची 'स्पर्श' नावाची संगणकीय व्यवस्थाही आहे, आणि ज्यांना वेतन मिळते त्यांना आता सारे तिच्यावरूनच करावे लागते. पाणी हलते यात शंका नाही. ज्याचे बोट शेतात झिजून यंत्रावर उमटत नाही, त्याला तळ्यापर्यंत न्यायला माणूस लागतो. त्यातून हयातीचा दाखला साधारणतः नोव्हेंबरात द्यायचा असतो. आपण कबरस्तानात मेणबत्त्या लावत असतो त्याच महिन्यात आपले म्हातारे आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायला रांगेत उभे असतात.

धर्मग्रामात विवाहपूर्व शिबिरे होतात, आरोग्य शिबिरे होतात, सहली तर होतातच. वर्षातून दोन रविवार मिस्सेनंतर एक टेबल टाकून वृद्धांचे, विधवांचे, माजी सैनिकांचे कागद पाहिले जावेत, यात अवघड असे काही नाही. त्याला निधी लागत नाही. दोन पदवीधर आणि एक निवृत्त कारकून पुरेत. निवृत्त कारकुनाचे मोल आपल्या समाजाने अद्याप ओळखलेले नाही, असे आमचे फार दिवसांचे मत आहे.

मेजरांनी अखेर सही केली. आपल्या वचनांना उत्तर मिळाले म्हणून नव्हे. पत्नीच्या प्रश्नाला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते म्हणून. त्यांच्या पश्चात तिला काय राहील, हा हिशेब त्यांनी तोवर केलेला नव्हता. नंतर एकदा त्यांनी आम्हांस निराळेच कारण सांगितले. त्यांच्याच तोफेवरचा एक सोबती विदर्भात असतो, त्याचेही कान असेच गेले. "माझं झालं तर त्याला सांगता येईल," ते म्हणाले.

दोन्ही अपिले नामंजूर झाली. दोन्ही पत्रांत मजकूर जवळजवळ एकच होता. प्रकरण आता न्यायाधिकरणापुढे आहे. मागल्या तारखेला न्यायमूर्तींनी मेजरांना काही विचारले आणि मेजर नुसतेच हसून उभे राहिले. त्यानंतर वकिलांनी एक व्यवस्था केली आहे. पुढल्या तारखेला धर्मग्रामातील बारावीत शिकणारी एक मुलगी त्यांच्याबरोबर जाणार आहे. जे बोलले जाईल ते ती मोठ्या अक्षरांत वहीत लिहून त्यांच्यापुढे धरील. मेजरांचा चष्म्याचा नंबर वाढला आहे, म्हणून अक्षर किती मोठे काढावे याचा सराव सध्या दोघे रविवारी मिस्सेनंतर व्हरांड्यात बसून करीत असतात.